त्रावणकोरची वाळू आणि जगाचे करार

खेड्यापाड्यांत वीज पोहोचण्यापूर्वी लग्नाची वरात गॅसबत्त्यांच्या उजेडात निघत असे. डोक्यावर बत्ती घेतलेली माणसे दोन्ही अंगांनी चालत आणि मधून नवरानवरीची मिरवणूक जाई. या बत्तीत काचेच्या आत एक पांढरी जाळी लोंबत असते. तिला आपण मेंटल म्हणतो. नवा मेंटल हातात घेतला तर कापडाच्या लहानशा पिशवीसारखा मऊ लागतो. तो बांधून एकदा पेटवला की कापड जळून जाते आणि त्याच आकाराचा एक ठिसूळ सांगाडा मागे उरतो. बोट लागले तर त्याचा भुगा होतो. पण तापलेल्या ज्योतीत हाच सांगाडा डोळे दिपवणारा प्रकाश देतो.

हा सांगाडा कशाचा असतो? सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड. हे दोन्ही पदार्थ ज्या खनिजापासून मिळत, त्याचे नाव मोनॅझाइट. गेली सव्वाशे वर्षे हे खनिज जगाच्या राजकारणात वारंवार डोके वर काढत आले आहे.

अलीकडे वृत्तपत्रांत 'कळीची खनिजे' हा शब्दप्रयोग सारखा वाचायला मिळतो. लिथियम, कोबाल्ट, निकेल, विरल मृदा मूलद्रव्ये अशी त्यांची यादी असते. देशोदेशींचे मंत्री एकत्र येऊन पुरवठा सुरक्षित राखण्याचे करार करतात. हे सारे नवेच आहे असे वाटण्याचा संभव आहे, पण ते तसे नाही. मोनॅझाइटच्या गोष्टीत हे सगळे आधीच घडून गेले आहे. त्या गोष्टीचा मोठा भाग आपल्याच देशात, केरळच्या किनाऱ्यावर घडला. म्हणून विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या अशा दोन्ही शिक्षकांनी ती जाणून घ्यावी.

वाळूत हे खनिज आले कोठून?

मोनॅझाइट हे फॉस्फेट वर्गातले खनिज आहे. सिरियम, लॅन्थॅनम, निओडिमियम या विरल मृदा मूलद्रव्यांची फॉस्फेटे त्यात एकत्र असतात आणि त्यांच्या जोडीला थोरियम असते. ग्रॅनाइट आणि नाइस यांसारख्या खडकांत त्याचे बारीक, पिवळसर तपकिरी कण विखुरलेले असतात. खडकातून ते वेगळे काढणे परवडणारे नाही. हे काम निसर्गाने केले आहे.

दक्षिण केरळात आणि कन्याकुमारीच्या बाजूला पश्चिम घाटाचे खडक प्राचीन, रूपांतरित जातीचे आहेत. ऊनपावसाने ते झिजले, नद्यांनी त्यांचा गाळ समुद्रात नेला आणि लाटांनी तो पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकला. साध्या वाळूची, म्हणजे क्वार्ट्झची, घनता २.६५ असते, तर मोनॅझाइटची ५ च्या आसपास. परतणारी लाट हलके कण ओढून नेते आणि जड कण मागे राहतात. सुपात धान्य पाखडताना जे होते तेच हजारो वर्षे चालू राहिले. त्यामुळे चवरा आणि मणवाळकुरिची या भागांत इल्मेनाइट, झिरकॉन, रुटाइल आणि मोनॅझाइट यांचे थर तयार झाले. त्यांतल्या इल्मेनाइटमुळे वाळू काळी दिसते.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही काळी वाळू सापडते. तिच्यात मोनॅझाइट का नाही, असा प्रश्न मुले विचारतील. सह्याद्रीचा आपल्याकडचा भाग मुख्यतः बेसाल्टचा आहे आणि बेसाल्टमध्ये मोनॅझाइट जवळजवळ नसते. किनाऱ्यावरची वाळू म्हणजे तिच्यामागच्या डोंगराचेच चूर्ण असते.

'विरल मृदा' हे नाव मात्र फसवे आहे. सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. ही मूलद्रव्ये विरल नाहीत, पण विखुरलेली आहेत. शिवाय त्यांचे रासायनिक गुणधर्म एकमेकांशी इतके जुळतात की त्यांना वेगळे करणे अतिशय कष्टाचे आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

दिव्यासाठी मक्तेदारी

थोरियम हे मूलद्रव्य स्वीडनच्या बर्झेलियसने १८२८ मध्ये नॉर्वेतील एका खनिजात शोधले. पुढची साठ वर्षे त्याचा कोणालाही काही उपयोग नव्हता. ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये गॅसबत्तीच्या मेंटलचे पेटंट घेतले. त्याचे पहिले मेंटल फारसे चालले नाहीत. १८९१ मध्ये त्याला थोरियम आणि सिरियम यांचे योग्य प्रमाण सापडले आणि चित्र पालटले. विजेचा दिवा नुकताच आला होता, पण या नव्या मेंटलमुळे गॅसच्या दिव्याने त्याला कित्येक वर्षे टक्कर दिली. युरोपातील शहरांत मेंटल कोट्यवधींनी खपू लागले.

थोरियम आणायचे कोठून? प्रथम ब्राझीलच्या किनाऱ्यावरची वाळू जर्मनीत जाऊ लागली. सुरुवातीला ती जहाजाचा तोल राखण्यासाठी भरायचे वजन म्हणून नेली जाई, असे सांगतात. शुद्धीकरणाचे कारखाने जर्मनीत होते. तेथील उत्पादकांनी संघ बांधून थोरियमची किंमत आपल्या मुठीत ठेवली. वाळू ब्राझीलची, दिवे साऱ्या जगाचे आणि भाव जर्मनीचा, अशी स्थिती होती.

१९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोर संस्थानातून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनॅझाइट आढळले. तो माग काढत मणवाळकुरिचीला पोहोचला आणि वर्षभरात तेथे वाळू वेगळी करण्याचा कारखाना उभा राहिला. भारतीय मोनॅझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचे प्रमाण ८ ते १० टक्के, म्हणजे ब्राझीलच्या वाळूपेक्षा जास्त होते. साहजिकच बाजार त्रावणकोरकडे वळला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. आपल्या साम्राज्यातील वाळू शत्रूच्या कारखान्यात जाऊन तेथून मेंटलच्या रूपाने परत येते, हे ब्रिटिश सरकारला तेव्हा खुपले. शोंबर्गला अटक झाली आणि हा धंदा ब्रिटिश कंपन्यांच्या हाती गेला. थोरियम शुद्ध करण्याचे काम इंग्लंडमध्ये सुरू झाले. वाळूचे खोदणे पूर्वीप्रमाणेच त्रावणकोरात राहिले. मजुरी तेथल्या लोकांना मिळाली, पण ज्ञान आणि नफा बाहेर गेला. मालक बदलला तरी साखळी तीच राहिली.

युद्धानंतर विजेचे दिवे स्वस्त झाले आणि मेंटलची मागणी ओसरली. त्याच सुमारास इल्मेनाइटपासून पांढरा रंग बनवण्याचे तंत्र निघाल्यामुळे किनाऱ्यावरचे कारखाने त्यावर चालू लागले. मोनॅझाइट हे जोडउत्पादन ठरले.

तीन देशांचा गुप्त न्यास

दुसऱ्या महायुद्धात मोनॅझाइटला पुन्हा दिवस आले, पण या वेळी कारण वेगळे होते. थोरियमचा अणू न्यूट्रॉन शोषून घेतो आणि पुढे दोन टप्प्यांत त्याचे युरेनियम-२३३ मध्ये रूपांतर होते. या युरेनियमचे विखंडन होऊ शकते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हे सिद्ध झाले. म्हणजे थोरियम हेही अणुइंधनाचे एक संभाव्य बीज होते.

अमेरिकेचा अणुबाँबचा प्रकल्प युरेनियमवर उभा होता आणि त्यासाठी सर्वांत समृद्ध धातुक बेल्जियन काँगोतील शिंकोलोब्वे या खाणीत होते. खाणकंपनीचे प्रमुख एडगर सँगिए यांनी १९४० मध्येच हजार टनांहून अधिक धातुक न्यूयॉर्कला हलवून एका गोदामात ठेवले होते. १९४२ मध्ये लष्करी अधिकारी ते विकत घ्यायला आले, तेव्हा ते आयते हाताशी होते. आपल्याला लागणारे खनिज दुसऱ्याच्या भूमीत असते आणि ते मिळणे कधीकधी एका माणसाच्या दूरदृष्टीवर अवलंबून असते, हे अमेरिकेच्या ध्यानात आले. पुढच्या वेळी नशिबावर विसंबून राहायचे नाही, असे ठरले.

१३ जून १९४४ रोजी रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी एका करारावर सह्या केल्या. त्यातून 'कंबाइन्ड डेव्हलपमेंट ट्रस्ट' नावाची संस्था जन्माला आली. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तिचे सदस्य, तर अणुबाँब प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्हज हे तिचे अध्यक्ष. जगात जेथे जेथे युरेनियम आणि थोरियम असेल तेथील साठ्यांवर खरेदीचा किंवा नियंत्रणाचा हक्क मिळवायचा, हे तिचे काम. संस्थेचे अस्तित्वही गुप्त होते.

कळीच्या खनिजांसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्याचे हे एक स्पष्ट उदाहरण आहे. न्यासाने सप्टेंबर १९४४ मध्ये बेल्जियमशी काँगोच्या युरेनियमचा करार केला. जुलै १९४५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलशी मोनॅझाइटचा करार केला, तर ऑगस्टमध्ये डच सरकारशी ईस्ट इंडीजमधील वाळूचा. स्वीडनने मात्र आपल्या युरेनियमवर हक्क देण्यास नकार दिला. सदस्य देशांमध्ये हे सहकार्य खरे होते. पैसा, भूवैज्ञानिक माहिती आणि धातुक यांची वाटणी होत होती. परंतु या सहकार्याचे दोन हेतू होते. एक, आपल्याला मिळावे. दुसरा, इतरांना मिळू नये. ज्यांच्या भूमीत खनिज होते ते काँगोचे लोक वाटाघाटीत कोठेच नव्हते.

या धोरणाचा परिणाम काय झाला? न्यासाने ज्ञात युरेनियम उत्पादनाचा बहुतेक भाग आपल्या ताब्यात आणला. तरी सोव्हिएत संघाने २९ ऑगस्ट १९४९ रोजी अणुस्फोट केला. त्याला युरेनियम पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि मध्य आशियातून मिळाले होते. खनिजाला भाव आला की शोधणारेही वाढतात आणि पूर्वी दुर्लक्षिलेले साठे उपयोगी ठरतात. १९५० च्या दशकात तर अमेरिका आणि कॅनडातही भरपूर युरेनियम सापडले. थोरियमची बाँबसाठी गरज भासलीच नाही. ज्या वाळूसाठी एवढी धडपड झाली ती लष्कराच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरली. पण १९४५ मध्ये हे कोणालाच माहीत नव्हते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर

जगातील मोनॅझाइटचा एक मोठा साठा त्रावणकोरात होता. शिकागोजवळचा थोरियमचा कारखानाही तेथील वाळूवर चालत असे. १९४६ मध्ये भारतातून मोनॅझाइटच्या निर्यातीवर बंदी आली. पण त्रावणकोर हे संस्थान होते आणि त्याचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांना या वाळूची किंमत ठाऊक होती. त्यांनी ब्रिटिश सरकारशी स्वतंत्रपणे बोलणी चालवली. काही हजार टन मोनॅझाइट द्यायचे आणि त्या बदल्यात शुद्धीकरणाचा कारखाना संस्थानातच उभा करून घ्यायचा, असे त्यांच्या योजनेचे स्वरूप होते. नुसती वाळू न विकता कारखाना मागण्यात शहाणपण होते, हे मान्य करायला हवे.

जून १९४७ मध्ये दिवाणांनी त्रावणकोर स्वतंत्र राहील अशी घोषणा केली. तेव्हा हा प्रश्न नुसत्या व्यापाराचा राहिला नाही. मोनॅझाइट हे संस्थानाच्या स्वतंत्र अस्तित्वाचे एक भांडवल झाले होते. दिल्लीत अणुशक्तीचा विचार करणाऱ्या होमी भाभा आणि शांतिस्वरूप भटनागर यांच्यासाठी ही वाळू म्हणजे देशाच्या भावी ऊर्जेचा पाया होता. २५ जुलै रोजी दिवाणांवर त्रिवेंद्रममध्ये प्राणघातक हल्ला झाला. काही दिवसांतच महाराजांनी भारतात सामील होण्याचा निर्णय कळवला. वाळूमुळेच संस्थान अडून बसले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी संस्थानांच्या विलीनीकरणाचा धडा शिकवताना ही बाजू सांगायला हरकत नाही, कारण पाठ्यपुस्तकात ती सहसा येत नाही.

एप्रिल १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. भारताने वाळू जशीच्या तशी बाहेर जाऊ द्यायची नाही असे धोरण ठेवले. मग ती शुद्ध करण्याचे तंत्र शिकणे भाग होते. ब्रिटन आणि अमेरिका गुप्ततेच्या कुंपणात होते. फ्रान्स त्या कुंपणाबाहेर होता आणि त्यालाही थोरियम हवे होते. एका फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने केरळातील आलुवा येथे कारखाना उभा राहिला. तो चालवण्यासाठी १९५० मध्ये 'इंडियन रेअर अर्थ्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २४ डिसेंबर १९५२ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले.

येथे मोनॅझाइटवर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होई. फॉस्फेट बाजूला निघून त्यापासून ट्रायसोडियम फॉस्फेट हे उपयुक्त रसायन मिळे. विरल मृदा मूलद्रव्यांचे मिश्र क्लोराइड वेगळे होई. थोरियमचा अंश मुंबईला तुर्भ्याच्या कारखान्यात येई. १९५५ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात थोरियम नायट्रेट तयार होई आणि त्याचा एक ग्राहक होता तोच जुना मेंटलचा उद्योग.

गहू द्या, वाळू घ्या

१९५१ मध्ये भारतात धान्याची भीषण टंचाई होती. भारताने अमेरिकेकडे २० लाख टन गहू मागितला. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये महिनोन्‌महिने वाद चालला. गव्हाच्या मोबदल्यात भारताने मोनॅझाइट आणि मँगनीज यांसारखी खनिजे द्यावीत, असा अनेक सदस्यांचा आग्रह होता. अण्वस्त्रांसाठी उपयोगी पडेल असे द्रव्य देण्यास नेहरू तयार नव्हते. अन्नाच्या मदतीला राजकीय अट जोडली जाऊ नये, असेही त्यांचे म्हणणे होते. अखेर जूनमध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा झाला. कर्जाची फेड काही प्रमाणात खनिजांच्या रूपाने करण्याची वाट त्यात मोकळी ठेवली होती, पण मोनॅझाइटची सक्ती नव्हती. शिक्षकांना आवडेल असा एक तपशील म्हणजे, या कर्जावरील व्याजाचा काही भाग पुढे भारतीय संस्थांना अमेरिकन पुस्तके आणि वैज्ञानिक उपकरणे देण्यासाठी वापरला गेला.

दोन वर्षांनी उलटा पेच आला. १९५३ मध्ये भारतातून साधारण एक टन थोरियम नायट्रेट पोलंडच्या जहाजातून चीनला गेले. साम्यवादी देशांना अशी द्रव्ये पुरवणाऱ्या देशाची मदत बंद करावी, असा अमेरिकेत १९५१ चा कायदा होता. मोठी खळबळ उडाली. भारताने हा व्यापारी व्यवहार असल्याचे सांगितले आणि आपल्या व्यापारावर अशी अट मान्य करण्यास नकार दिला. बरीच पत्रापत्री होऊन मार्ग निघाला. मदत चालू राहिली आणि अमेरिकेने स्वतःच भारतीय थोरियम नायट्रेट विकत घेतले.

एवढ्याशा पदार्थावरून एवढे वादळ का उठावे? एखाद्या खनिजाला 'कळीचे' ठरवले की त्याच्या प्रत्येक गोणीला राजकीय वजन येते. मग विकणाऱ्याला तो व्यापार वाटतो आणि पाहणाऱ्याला तो पक्ष घेणे वाटतो.

सोन्याचे पितळ, पितळेचे सोने

यानंतरच्या काळात गोष्टीने विलक्षण वळण घेतले. थोरियमचे महत्त्व ओसरले. भाभांच्या योजनेत अणुऊर्जेचा तिसरा टप्पा थोरियमचा होता आणि कल्पक्कमची 'कामिनी' ही छोटी अणुभट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालली. पण थोरियमवर आधारलेली मोठी वीजकेंद्रे अजून उभी राहिलेली नाहीत.

याउलट पूर्वी जोडउत्पादन समजल्या जाणाऱ्या विरल मृदा मूलद्रव्यांचे दिवस आले. १९६० च्या दशकात युरोपियम रंगीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच्या लाल रंगासाठी लागू लागले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा अत्यंत शक्तिमान चुंबक तयार झाला. हा शोध जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी लागला. आज हे चुंबक विजेच्या मोटारी, पवनचक्क्या आणि हेडफोन यांत असतात. गंमत अशी की निओडिमियम प्रथम वेगळे केले तेही त्याच आउअरने आणि तेही १८८५ मध्येच, म्हणजे मेंटलचे पेटंट घेतले त्याच वर्षी. एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतील दोन पदार्थांपैकी एकाने विसावे शतक सुरू केले आणि दुसऱ्याने एकविसावे.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात माउंटन पास येथे १९४९ मध्ये युरेनियम शोधणाऱ्यांना विरल मृदांचा मोठा साठा मिळाला होता. त्यातील बॅस्टनाझाइट या खनिजात थोरियम फार कमी असल्याने ते हाताळायला सोपे होते. काही दशके जगाचा मोठा पुरवठा तेथून होई. पुढे चीनने बायान ओबोच्या प्रचंड साठ्याबरोबर एक गोष्ट निष्ठेने जोपासली, ती म्हणजे वेगळे करण्याचे रसायनशास्त्र. शु ग्वांगशियान या रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात द्रावक वापरून ही मूलद्रव्ये टप्प्याटप्प्याने अलग करण्याच्या पद्धतीचे गणिती सूत्र बसवले. ते कारखान्याकारखान्यांत पोहोचवले गेले. स्वस्त उत्पादनापुढे इतरांना टिकाव धरता आला नाही. शतकाच्या सुरुवातीला माउंटन पासचे काम थांबले. आलुव्याच्या कारखान्यानेही मोनॅझाइटवरील प्रक्रिया बंद केली.

थोरियम मात्र आता नकोसा कचरा झाला. तो मंद किरणोत्सारी आहे आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे. मलेशियात बुकित मेराह येथे कथिलाच्या खाणींतून निघालेल्या मोनॅझाइटवर एक जपानी भागीदारीचा कारखाना चाले. त्याच्या कचऱ्याविरुद्ध गावकरी न्यायालयात गेले आणि १९९४ मध्ये कंपनीने काम गुंडाळले. शिकागोजवळच्या जुन्या थोरियम कारखान्याचा कचरा घरांच्या अंगणांतून उकरून काढण्याचे काम कित्येक वर्षे चालले. केरळच्या करुनागपल्ली भागात नैसर्गिक किरणोत्सार जास्त असूनही दीर्घ पाहणीत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. परंतु निसर्गात पसरलेली वाळू आणि कारखान्यात एकवटलेला कचरा यांत फरक आहे. चवऱ्याजवळच्या आलप्पाड गावाची तक्रार तर किरणोत्साराची नसून, वाळू उपशाने समुद्र गावात शिरतो ही आहे.

पुन्हा करार

सप्टेंबर २०१० मध्ये एका मासेमारी बोटीवरून चीन आणि जपान यांच्यात तंटा झाला आणि जपानला जाणाऱ्या विरल मृदांचा पुरवठा आटला. पुढच्या वर्षी भाव कित्येक पटींनी चढले. अमेरिका, युरोपीय संघ आणि जपान यांनी २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. २०१४ मध्ये निकाल चीनच्या विरुद्ध गेला आणि चीनने निर्यातीचा कोटा काढून टाकला. पण तोवर जपानने इतर मार्ग धरले होते. ऑस्ट्रेलियातील एका खाणकंपनीला त्याने भांडवल दिले. चुंबकात लागणारी दुर्मीळ मूलद्रव्ये कमी करण्याचे संशोधन केले आणि जुन्या यंत्रांतून ती परत मिळवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये भारताशीही करार झाला. ओडिशातील सरकारी कारखान्याचे मिश्र क्लोराइड विशाखापट्टणम येथील जपानी कंपनीच्या कारखान्यात जाई आणि वेगळे झालेले पदार्थ जपानला रवाना होत.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने 'मिनरल्स सिक्युरिटी पार्टनरशिप' ही अनेक देशांची भागीदारी स्थापन झाली. जून २०२३ मध्ये भारत तिच्यात सामील झाला. त्याच महिन्यात भारताने ३० कळीच्या खनिजांची स्वतःची यादी जाहीर केली. २०२४ च्या सुरुवातीला भारताच्या सरकारी कंपनीने अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात लिथियमच्या शोधाचे हक्क मिळवले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही विरल मृदा आणि चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा भारतातील मोटार कारखान्यांना त्याची झळ बसली. ज्या देशाच्या किनाऱ्यावर एक कोटी टनांहून अधिक मोनॅझाइट आहे, त्याला चुंबकासाठी दुसऱ्याच्या परवान्याची वाट पाहावी लागली.

१९४४ चा न्यास आणि आजच्या भागीदाऱ्या यांत फरक आहेतच. आजचे करार उघड असतात आणि त्यांत खनिज असलेले काही देशही बसतात. पण दोन्हींना लावून पाहावेत असे प्रश्न तेच आहेत. खनिज ज्यांच्या भूमीतून निघते त्यांना केवळ वाळूचे पैसे मिळतात, की पुढच्या प्रक्रियेचे ज्ञानही मिळते? मागे राहणारा कचरा कोण सांभाळतो? आणि हे सहकार्य टंचाई दूर करण्यासाठी आहे, की कोणाला तरी उपाशी ठेवण्यासाठी? न्यासाचा अनुभव सांगतो की दुसऱ्याला वंचित ठेवण्याचा खटाटोप फार काळ टिकत नाही. आलुव्याचा अनुभव सांगतो की तंत्र शिकवणारा करार देशात कारखाना आणि कसबी माणसे उभी करतो. चीनचा अनुभव सांगतो की खाणीपेक्षा प्रयोगशाळेत मुरलेले ज्ञान अधिक निर्णायक ठरते. आणि आलुव्याचीच पुढची हकिगत सांगते की मिळवलेले ज्ञान वापरात ठेवले नाही तर ते मागे पडते.

वर्गात करून पाहण्यासारखे

किनाऱ्यावरची किंवा नदीची वाळू आणून पांढऱ्या कागदावर पसरावी आणि जुन्या स्पीकरमधील चुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवावा. काळे कण चिकटतील. तीच वाळू पसरट ताटलीत पाण्याबरोबर हलक्या हाताने हेलकावली तर जड कण मागे राहतील. केरळातील कारखान्यांचे पहिले काम याच दोन तत्त्वांवर चालते.

नंतर जगाचा कोरा नकाशा घ्यावा. १९१० साठी एक, १९४५ साठी दुसरा आणि आजच्यासाठी तिसरा. वाळू कोठून निघते, शुद्ध कोठे होते, वस्तू कोठे बनते आणि कचरा कोठे राहतो, हे चार रंगांनी दाखवावे. तिन्ही नकाशे शेजारी लावले की मुले बरेच काही आपणहून बोलू लागतील. नकाशावर भारताचा रंग कोणता होता, कोणता आहे आणि कोणता व्हावा, ही चर्चा त्यांच्यावरच सोपवावी.